बाजरीतलं लोखंड

मी चौसाळ्यापासून आत, पाच-सहा किलोमीटरवरच्या एका गावात शिक्षिका आहे. सातवीला विज्ञान शिकवते. बीडहून एसटीनं चौसाळ्याच्या फाट्यावर उतरायचं आणि तिथून जीपनं गावात, असं माझं रोजचं जाणं-येणं. नोकरीला बरीच वर्षं झाली. एकच धडा इतक्यांदा शिकवून झालाय की पुस्तक न उघडता बोलता येतं. त्याचा तोटा एवढाच की बोलताना स्वतःला काही प्रश्न पडत नाही.

त्या दिवशी मी फळ्यावर दोन रकाने आखले होते. एकात धान्यं, दुसऱ्यात त्यांतून आपल्याला मिळणारी खनिजं. गहू झाला, ज्वारी झाली, आणि बाजरीसमोर मी ठळक अक्षरांत 'लोह' असं लिहिलं. दुपारची खिचडी पोटात गेलेली, दिवाळीची सुट्टी संपून जेमतेम आठवडा झालेला. अर्धा वर्ग पेंगत होता.

तिसऱ्या रांगेतल्या मुलीनं हात वर केला. हिची आई आमच्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवते. त्यामुळं ही मायलेकींची जोडी शाळेत सगळ्यांच्या आधी येते आणि सगळ्यांच्या नंतर जाते. पोरगी बोलायला हळू, पण एकदा बोलली की समोरच्याला थांबावं लागतं.

"मॅडम, लोह म्हंजे लोखंडच ना?"

"हो."

"मग बाजरीच्या पिठात लोहचुंबक फिरवलं तर चिकटंल का?"

पेंगणारा वर्ग जागा झाला. मला उत्तर येत नव्हतं. पुस्तकात ते दिलेलं नाही, मी शिकताना कुणी विचारलेलं नाही. मग उत्तर येत नसलेला शिक्षक जे म्हणतो तेच मी म्हटलं, "उद्या करून बघ आणि सगळ्यांना सांग."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला ती वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ओंजळभर पीठ आणि एक गोल चुंबक घेऊन माझ्या टेबलासमोर उभी. चुंबक तिच्या मामानं कुठल्याशा मोडक्या स्पीकरमधून काढून दिलेलं. त्याला तिनं प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळून आणली होती. "पीठ चिकटून बसू न्हाई म्हणून," असं तिनंच सांगितलं. मी म्हटलं, पोरीला डोकं आहे. चुंबक तिनं पिठातून तीन-चारदा फिरवलं, वर उचललं आणि फुंकर मारली. पीठ उडालं. मागं राहिली बारीक काळी लव, नुकती मिशी फुटावी तशी.

वर्गात असा ओरडा झाला की शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात आले. मीही टाळ्या वाजवल्या. खरं सांगायचं तर मी चकित झाले होते, आणि त्याहून जास्त खूश झाले होते. असा धडा वर्षातून एखाद्याच दिवशी जमतो. पोरं उड्या मारतायत, जे पुस्तकात लिहिलंय ते डोळ्यांपुढं दिसतंय. मी त्या काळ्या लवेचा फोटो काढला आणि आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बाजरीतील लोह, विद्यार्थिनीच्या कृतीतून.' दिवसभर अंगठे आणि फुलं येत राहिली. मुख्याध्यापकांनी परिपाठाला पोरीचं कौतुक केलं. मी वर्गाला सांगितलं, "घरी जाऊन सगळ्यांनी करून बघा."

मग काय, सगळ्यांनी करून बघितलं.

आठ दिवसांत गावातला एक जुना स्पीकर धड राहिला नाही. ज्याला त्याला चुंबक पाहिजे. बाया पिठाच्या डब्यात चुंबक फिरवून एकमेकींना दाखवू लागल्या. आमच्या बाजरीत जास्त का तुमच्या बाजरीत जास्त, यावरून पारावर पैजा लागल्या. एका म्हाताऱ्या बाबांनी मला रस्त्यात गाठून चुंबक पुढं केलं. म्हणाले, "बघा मॅडम, माळाच्या रानातली हाय. खत न्हाई, पाणी न्हाई, तरी केवढं लोखंड!" मी म्हटलं, "वा बाबा."

त्यात कुणीतरी म्हणालं की गव्हाच्या पिठालाही चिकटतंय. त्या वेळी माझ्या मनात पाल चुकचुकली. पण गावभर आपलं नाव निघत असताना त्या पालीकडं बघायला कुणाला फुरसत असते?

या सगळ्यात सगळ्यांहून खूश झाले ते गिरणीवाले आप्पा. सगळं गाव त्यांना आप्पाच म्हणतं. लिंगायत वाण्याचं घर, पुढं किराणा दुकान आणि बाजूला पिठाची गिरणी. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि भुवयांवर पीठ, दोन्ही पांढरंच, त्यामुळं सकाळी दहाच्या पुढं कुठलं काय ते ओळखू येत नाही. जीपसाठी मी त्यांच्याच दुकानासमोर थांबते. एका संध्याकाळी त्यांनी हाक मारली.

"मॅडम, या. च्या घ्या. तुमच्या शाळेनं तर आमचं नाव केलं बगा."

"आमच्या शाळेनं?"

"तर! लई लोकानं तपासलं. माझ्या गिरणीच्या पिठाला जितकं चिकटतं तितकं चौसाळ्याच्या पिठाला चिकटत न्हाई."

असं म्हणून त्यांनी वर बोट दाखवलं. गिरणीच्या दारावर नवा पत्रा ठोकला होता, पेंटरकडून रंगवून आणलेला. हिरव्या जमिनीवर पिवळी अक्षरं: 'आमच्याकडे लोहयुक्त पीठ दळून मिळेल.'

मी चहा प्याले आणि जीपमध्ये बसले. चौसाळ्यापर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यात घुमत राहिलं. माझ्या गिरणीच्या पिठाला जितकं चिकटतं तितकं चौसाळ्याच्या पिठाला नाही. बाजरी त्याच रानांतली. मग फरक कशाचा?

मी तो प्रश्न मनात ठेवून गप्प बसले. पोरगी मात्र गप्प बसणारी नव्हती. तिला हा फरक माझ्या आधीच खटकला होता आणि तिनं घरी आईला कामाला लावलं होतं. सोमवारी ती तीन पुड्या घेऊन आली. मधल्या सुट्टीत, वर्गात कुणी नसताना.

"मॅडम, हे बघा. ही नुसती बाजरी, धुऊन वाळवलेली. चुंबकाला कायबी न्हाई. ही न धुतलेली. हिला दोन-चार काळे कण लागत्यात, पण ते मातीचे हायत. ओढ्याच्या वाळूत चुंबक फिरवल्यावर लागत्यात तसलेच." मग तिनं तिसरी पुडी उघडली. "आन् हे त्याच धुतलेल्या बाजरीचं पीठ. पण आईनं जात्यावर दळलेलं."

तिनं चुंबक फिरवलं. वर उचललं, फुंकर मारली. प्लास्टिक कोरं होतं.

मी चुंबक तिच्या हातातून घेतलं आणि स्वतः फिरवलं. एकदा नाही, चारदा.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "ते लोखंड बाजरीचं न्हाईच. गिरणीचं हाय."

तेव्हा मला जे आठवायला हवं होतं ते आठवलं. दाण्यातलं लोह असं खिळ्यासारखं, कणाकणांनी सुटं नसतं. ते दुसऱ्या द्रव्यांशी बांधलेलं असतं, दाण्याच्या सालीत आणि अंकुरात मुरलेलं असतं. त्याला आपलं हे साधं चुंबक ओढू शकत नाही. हे मी कॉलेजात शिकले होते. पहिल्याच दिवशी शांतपणे दोन मिनिटं विचार केला असता तर आठवलंही असतं. पण टाळ्यांच्या आवाजात विचार कुठला होतो!

दोन दिवस मी काही बोलले नाही. काय करावं ते कळेना. गावानं पैजा लावलेल्या, आप्पांनी बोर्ड रंगवलेला, ग्रुपवर माझं कौतुक झालेलं. पोरगी वर्गात माझ्याकडं बघायची आणि मान खाली घालायची. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. माझी वाट बघत होती. तिसऱ्या दिवशी ते मला सहन होईना. मी फळ्यासमोर उभी राहिले आणि सांगून टाकलं, "पंधरा दिवसांमागं मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. मला वाटलं ते बाजरीतलं लोह आहे. ते नव्हतं. हिनं शोधून काढलं." मग पोरीला पुढं बोलावलं आणि तिच्या तिन्ही पुड्या वर्गाला दाखवायला लावल्या.

मला वाटलं होतं पोरं हसतील. हसली नाहीत. एक जण एवढंच म्हणाला, "मॅडम, मग आप्पाच्या बोर्डचं काय?"

तेच तर.

शाळा सुटल्यावर मी गिरणीकडं निघाले. पोरगी दप्तर घेऊन मागं आली. मी म्हटलं, "तू घरी जा." तर म्हणाली, "मी बी येते. शोध माझा हाय."

गिरणी चालू होती. आप्पा पिठाच्या धारेखाली हात धरून पीठ चिमटीत चोळून बघत होते.

"आप्पा, जरा बंद करता का? बोलायचंय."

"बोला की. हिच्या आवाजात मी तीस वर्षं लोकांचं ऐकतोय."

"हे मोठ्यानं बोलण्यासारखं नाही."

त्यांनी बटण दाबलं. पट्टा फिरत फिरत थांबला. मी जमेल तसं सांगितलं. सांगताना माझीच चूक आधी सांगितली, म्हणजे त्यांना कमी लागेल असा माझा हिशोब. तो चुकला.

"म्हंजे तुमचं म्हणणं असं, की माझी गिरणी लोकाला लोखंड चारती?"

"चारते असं नाही, आप्पा. आतलं काहीतरी घासत असेल."

"आजवर कुणी एक शब्द बोललं न्हाई. तुमीच म्हणलात बाजरीतलं लोह हाय. तुमीच फोटो काढलात. आन् आता तुमीच म्हणता न्हाई. मग आमी खरं कशाला मानायचं?"

पोरगी मधेच म्हणाली, "आप्पा, तुमच्या गिरणीत ज्वारी दळली तरी चिकटतंय, गहू दळला तरी चिकटतंय. जात्यावर दळलं की कायबी न्हाई. तुमी स्वतः बघा." आणि तिनं जात्यावरच्या पिठाची पुडी गल्ल्यावर ठेवली.

आप्पांनी पुडीकडं बघितलंही नाही. बटण दाबलं. गिरणी सुरू झाली आणि त्यांनी आमच्याकडं पाठ केली.

त्या दिवशी जीप निघाली तेव्हा मी मागं वळून त्या बोर्डाकडं बघितलं. माणूस चांगला होता. पावसात जीप यायची नाही तेव्हा दुकानात बसायला पोतं झटकून द्यायचा. मी त्याचा बोर्ड खोटा पाडला होता. बरं, तो बोर्ड उभा राहिला होता माझ्याच बोलण्यावर.

दुसऱ्या दिवशी जीपमधून उतरले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. गावात शिरताना गिरणीचा आवाज येतो, तो नव्हता. दुकानासमोर दहा-पंधरा माणसं उभी होती. आत गिरणी सगळी खोललेली. वरचा दगड काढून भिंतीला टेकवलेला. चौसाळ्याहून बोलावलेला मिस्त्री उकिडवा बसलेला. आप्पांनी मला बघितलं आणि बाहेर आले. हातात वीतभर लांबीचा, वाकलेला लोखंडी पत्रा.

"हे बगा," ते म्हणाले. "दगडाच्या बाजूचा पत्रा. ह्याचा बोल्ट ढिला झालता. कधीचा झालता देव जाणे. दगडाला घासून घासून सुरीसारखा झालाय." त्यांनी पत्र्याच्या कडेवर अंगठा ठेवला आणि लगेच उचलला. "रात्री जेवताना तुमच्या त्या पुडीतलं पीठ ताटात घेतलं. दुसऱ्या बाजूला आपलं पीठ घेतलं. आन् चुंबक फिरवलं. मग जेवण गेलंच न्हाई."

मग ते पोरीला शोधू लागले. ती आईबरोबर शाळेच्या फाटकात उभी होती. आप्पा रस्ता ओलांडून तिकडं गेले, सगळ्यांदेखत.

"पोरी, तुझं खरं निघालं," ते म्हणाले. "तुझ्यामुळं कळलं. न्हाईतर लोकाच्या पोटात गेलं असतं अजून किती दिवस."

पोरीनं रस्त्यापलीकडच्या बोर्डाकडं बघितलं. ती म्हणाली, "आप्पा, बोर्ड लई छान रंगवलाय पण." लोक हसले. आप्पाही हसले, जरा उशिरानं. नंतर त्यांनी स्टूल मागवलं, स्वतः वर चढले आणि बोर्ड काढून आत ठेवला.

त्यांनी गुपचूप पत्रा बदलला असता तर कुणाला कळलं नसतं. मी ओरडून सांगणार नव्हते, पोरगीही सांगणार नव्हती. पण ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो पत्रा दाखवत होते आणि सांगत होते, "महिन्या-दोन महिन्यांचं पीठ असंल तर चुंबक फिरवून घ्या, मग खा." त्याचा व्हायचा तो परिणाम झाला. नवा पत्रा बसला, छिन्नीनं टोचून दगड पुन्हा खडबडीत झाले, गिरणी नीट चालू लागली, तरी निम्मं गाव दळण घेऊन चौसाळ्याला जाऊ लागलं. जीपच्या टपावर डबे दिसायचे. आप्पा दुकानात बसून ते जाताना बघायचे.

मी ग्रुपवर दुसरा मजकूर टाकला. माझी चूक झाली, ते लोह गिरणीतलं होतं, धान्यातलं लोह चुंबकाला चिकटत नाही. पहिल्या फोटोला साठ-सत्तर जणांनी दाद दिली होती. याला एकच अंगठा आला, तोही शेजारच्या वर्गातल्या गुरुजींचा.

पुढच्या शनिवारी सकाळच्या शाळेला आप्पा आले. स्वच्छ धोतर, टोपी. वर्गाच्या दारात उभे राहून म्हणाले, "येऊ का?"

मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"मॅडम, मला एक सांगा. बाजरीत लोह हाय का न्हाई? खरं खरं."

"आहे, आप्पा. नक्की आहे."

"मग मला दाखवा. मी खोटं बघून बोर्ड लावला. आता खरं बघितल्याशिवाय मला चैन न्हाई."

वर्ग माझ्याकडं बघू लागला. मी म्हटलं, "आठ दिवस द्या."

त्या आठवड्यात मी जितकं वाचलं तितकं परीक्षेलाही वाचलं नव्हतं. लोह वेगळं काढून दाखवायचं तर प्रयोगशाळा पाहिजे, रसायनं पाहिजेत. आमच्या शाळेत एक परीक्षानळी आहे आणि तिच्यात ऑफिसातला पेन उभा असतो. पण एक गोष्ट करता येण्यासारखी होती. धान्य पुरतं जाळलं की त्यातलं जे जळण्यासारखं आहे ते निघून जातं आणि राहते ती राख. ती राख म्हणजेच खनिजं, सगळी एकत्र. लोह त्यातलंच.

शनिवारी शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही गॅसची शेगडी मांडली. सिलिंडर पोषण आहाराचा, म्हणून पोरीच्या आईचा जीव वरखाली. "मॅडम, सोमवारची खिचडी कच्ची राहिली तर मी न्हाई जबाबदार," असं तिनं दोनदा बजावलं. लोखंडी तवा चालणार नव्हता, नाहीतर पुन्हा तेच झालं असतं. म्हणून पोरीनं नव्या मडक्याचं खापर आणलं, घासून धुऊन. आप्पांनी बाजरी आणली. एका मोठ्या भाकरीपुरती, निवडून, तीन पाण्यांनी धुऊन, वाळवून.

बाजरी आधी तडतडली. मग काळी झाली, मग असा धूर सुटला की पोरं खोकत लांब पळाली. आप्पा हलले नाहीत. कोळसा झाला तेव्हा ते म्हणाले, "झालं का?" मी म्हटलं, "अजून नाही." कोळसा तांबूस निखारा झाला, हळूहळू बसत गेला. तास गेला, दीड तास गेला. शाळा सुटली तरी एक पोर घरी गेलं नाही. शेवटी खापराच्या तळाशी करड्या-पांढऱ्या रंगाची राख उरली. दोन-तीन चिमट्या. त्याहून जास्त नाही.

गार झाल्यावर मी खापर आप्पांच्या पुढं केलं.

"हे घ्या. एका भाकरीत जमिनीतून आलेलं जेवढं असतं, तेवढं हे. यात लोह आहे, जस्त आहे, मॅग्नेशियम आहे, हाडाला लागणारं फॉस्फरस आहे. वेगवेगळं डोळ्यांना दिसणार नाही. पण सगळं यातच आहे."

आप्पांनी चिमूट उचलली आणि तळहातावर पसरली.

"रोज कपाळाला लावतो आमी," ते म्हणाले. "गाईनं गवत खायचं, तेचं शेण, शेणाची इभूत. लहानपणापासनं लावतो. हे जमिनीतलं हाय, असं मनात कधी आलं न्हाई बगा."

पोरगी वाकून बघत होती. "मॅडम, म्हंजे आपण मातीच खातो?"

"बाजरी खाते," मी म्हटलं. "मुळांनी. आणि आपल्यासाठी ठेवते."

"कुठं ठेवते? मधी का बाहेर?"

"बरंचसं सालीत आणि दाण्याच्या टोकाच्या अंकुरात."

यावर आप्पांनी मान वर केली. "आन् बाया तर बारीक चाळणीनं कोंडा काढून गुरांना घालत्यात!"

"हो ना."

"म्हंजे गुरं आपल्यापरीस शहाणी."

तेव्हा मी त्यांना बाकीचंही सांगून घेतलं. धान्यातलं सगळंच लोह अंगी लागत नाही, थोडंच लागतं. सोबत लिंबू पिळलं, पेरू-आवळा खाल्ला तर जास्त लागतं. आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी. शेवटचं ऐकून आप्पांचा चेहरा पडला. सकाळी चहात भाकरी कुस्करून खाणं हा त्यांचा आयुष्यभराचा नेम.

"ते बी गेलं का?" त्यांनी विचारलं.

"तासभर थांबून घ्या चहा."

"लई अवघड करून ठेवलंय तुमी मॅडम," ते म्हणाले, पण हसत होते.

आप्पा जायला निघाले तेव्हा पोरगी अचानक मला म्हणाली, "मॅडम, तुमच्या डब्यात तर रोज चपाती असती."

पोरं हसायला लागली. माझं माहेर माजलगावकडचं, धरणाच्या पाण्याचं. आमच्याकडं उसाबरोबर गहू आला आणि मी चपातीवरच वाढले. भाकरी खाते, पण मला ती थापता येत नाही. इतकी वर्षं बाजरीचे गुण शिकवले ते चपातीचा डबा टेबलावर ठेवून. पोरीच्या आईनं माझा हात धरला. म्हणाली, "सोमवारी मधल्या सुट्टीत या. पीठ मी आणते." पहिल्या आठवड्यात माझ्या भाकरीचे नकाशे झाले. पोरं येऊन कुठला देश ते ओळखायची. कडा फाटायच्या, मधे भोक पडायचं. "गरम पाण्यानं मळा, मॅडम, आन् भ्यायचं न्हाई तिला," असं ती सांगायची. हळूहळू जमली. अजून तिच्यासारखी टम्म फुगत नाही, पण गोल होते.

गिरणीवर गिऱ्हाईक परत आलं, त्याला दीडेक महिना लागला. आप्पांनी पिठाच्या तोंडाशी एक मोठं चुंबक बसवून घेतलं आणि रोज सकाळी ते पुसलेलं फडकं गिऱ्हाइकाला दाखवायची पद्धत ठेवली. फडकं कोरं निघालं की बाया आपसूक डबा पुढं करायच्या. दळण देताना ते प्रत्येकीला बजावायचे, "कोंडा टाकू नका. सगळा माल त्यातच हाय." एका सुनेनं विचारलं, "कावून?" तर त्यांनी तिला पंधरा मिनिटं उभं करून साल, अंकुर, जस्त, सगळं सांगितलं. मी जीपची वाट बघत ऐकत होते. फॉस्फरसला ते 'फासफरस' म्हणाले, बाकी एक चूक नव्हती.

भोगीच्या दिवशी त्यांनी मला आणि त्या मायलेकींना घरी जेवायला बोलावलं. आमच्याकडं म्हणतात ना, न खाई भोगी तो सदा रोगी. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, लोण्याचा गोळा, आणि हरभरा, वाटाणा, गाजर, वांगं, बोरं, सगळं घातलेली भोगीची भाजी. आप्पांच्या पत्नी चुलीसमोर होत्या, त्यांना सगळे अक्का म्हणतात. त्या एकामागून एक भाकरी टाकत होत्या आणि एकही फाटत नव्हती. मी बघत शिकत होते.

जेवता जेवता आप्पांनी पत्र्याची गोष्ट पुन्हा सुरू केली. आता ते ती रंगवून सांगायचे. मिस्त्री कसा आला, बोल्ट कसा निघाला, पत्रा कसा सुरीसारखा झालेला. "कुणाला कळणार होतं?" ते म्हणाले. "आवाज न्हाई, कायबी न्हाई."

अक्कांनी तव्यावरची भाकरी उलटली.

"आवाज न्हाई कसा?" त्या म्हणाल्या. "पोळ्याच्या आधीपासनं सांगतेय, गिरणी दात खातीय म्हणून. ऐकतंय कोण?"

आप्पांचा घास हातातच राहिला. पोरगी खाली मान घालून हसायला लागली, मग तिची आई, मग मी. आप्पांनी एकदा आमच्याकडं बघितलं, एकदा अक्कांकडं.

"मग मॅडमला सांगायचं की," ते म्हणाले.

"मॅडमला कशाला? गिरणी त्यांची हाय का?" असं म्हणून अक्कांनी त्यांच्या ताटात गरम भाकरी टाकली आणि वर लोणी ठेवलं. लोणी वितळायच्या आत आप्पांनी ती मोडली.